कमी पैशात खिशातलं किट: आधी काय अडतं ते लिहा, मग खरेदी करा

तुमचा प्रश्न असा आहे: रोज खिशात राहील असं छोटं किट करायचंय, पैसे मोजके आहेत, हाताशी असलेल्या यादीत ३५ वस्तू आहेत, आणि त्यातल्या आधी कोणत्या घ्याव्यात की सरळ डब्यातलं तयार किट आणावं, हे ठरत नाहीये. शिवाय मोबाइलमध्ये टॉर्च असताना वेगळी कशाला आणि लायटर-शिट्टी खरंच लागते का, असंही विचारलंत. प्रवास बस-ट्रेनने होतो, कामाच्या ठिकाणी दारावर तपासणी असते आणि बॅग कधी असते, कधी नसते, हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. निम्मे निर्णय त्यावरूनच होतात.

तुमची अडचण मला पैशांपेक्षा यादीची वाटते. ३५ वस्तूंची यादी दुसऱ्याच कुणाच्या तरी दिवसावरून बनलेली असते. ती जशीच्या तशी उचलली, की खिसा जड होतो, तिसऱ्या आठवड्यात किट घरी राहायला लागतं आणि नेमकं लागतं त्या दिवशी ते खणात असतं. बजेट कमी असेल तर हे जास्तच महागात पडतं, कारण नको त्या पाच वस्तूंत गेलेल्या पैशात एक चांगली टॉर्च आली असती.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही विकत घेऊ नका. मोबाइलमध्ये किंवा कागदावर रोज रात्री एकच नोंद करा: आज कशावाचून अडलं? नोंदी साध्याच असतील. पार्सलची टेप किल्लीने फाडली. संध्याकाळी मोबाइल १० टक्क्यांवर आला. नव्या बुटाने टाच सोलली. फॉर्म भरायला पेन मागावं लागलं. जिन्यातला दिवा बंद होता. चष्म्याचा स्क्रू सैल झाला. दोन आठवड्यांनी यादी वाचा आणि दोनच प्रकारच्या गोष्टी निवडा: जे तीन किंवा जास्त वेळा अडलं ते, आणि जे एकदाच अडलं पण महागात पडलं किंवा पडू शकलं असतं ते. पेन पहिल्यात येतं, अंधारात पायरी चुकणं दुसऱ्यात. बाकीचं सोडून द्या.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवरच ठरतील, त्या मी इथून सांगू शकत नाही. चाकूच्या पात्याची लांबी, पातं उघडल्यावर लॉक होतं की नाही, ते खिशात बाळगता येतं का, याचे कायदे ठिकाणागणिक वेगळे आहेत, ते तुम्हालाच पाहावे लागतील. औषधांची ॲलर्जी, चालू असलेल्या गोळ्या, रोजचे कपडे आणि हवा यांवरही बरंच अवलंबून आहे. पातळ कापडाच्या पॅन्टच्या खिशात १०० ग्रॅमसुद्धा लोंबकळतात, जाड कापडात जाणवत नाहीत.

वजनाची मर्यादा मात्र आधी ठरवा. मोबाइल, किल्ल्या, पाकीट सोडून बाकी सगळं मिळून १५० ग्रॅमच्या आत आणि पाऊचची जाडी १५ मिलिमीटरच्या आत ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, अंदाजावर जाऊ नका. पाऊच पुढच्या खिशात ठेवायचं. मागच्या खिशात ठेवलं की बसताना एक बाजू उंच होते, कंबर धरते, आणि आतल्या वस्तूही चेपतात.

आता घरातूनच काय निघतं ते पाहू, कारण किटमधल्या बहुतेक वस्तू विकत आणायच्याच नसतात.

डक्ट टेपचा (कापडाच्या पाठीच्या पक्क्या चिकटपट्टीचा) अख्खा रोल बाळगायची गरज नाही. मुदत संपलेलं एखादं प्लास्टिक कार्ड घ्या. त्याचं माप ८५.६ बाय ५४ मिलिमीटर असतं आणि नेहमीची टेप साधारण ४८ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे ती कार्डावर लांबीच्या दिशेने गुंडाळली की दोन्ही कडांच्या आत बरोबर बसते. एका वेढ्यात साधारण १७ सेंटिमीटर जाते. तीन वेढे म्हणजे अर्धा मीटर, एवढी पुरते. गुंडाळताना ताणू नका. ताणलेली टेप हळूहळू आकसते, कार्ड वाकतं आणि कडांतून चिकट द्रव बाहेर येऊन आतलं सगळं चिकटतं. शेवटचं टोक एक सेंटिमीटर आत दुमडा, नाहीतर घाईत नखाने टोक शोधत बसावं लागतं. लागेल तेव्हा लांबीत उभी चीर देऊन अर्ध्या रुंदीची पट्टी काढा. बॅगेचा तुटलेला पट्टा, सुटलेला बुटाचा तळ, चिरलेली केबल यांना तेवढी चालते. फोड आलेल्या त्वचेवर ही टेप लावू नका, काढताना वरची साल निघते. उकाड्यात चिकट वितळतो, म्हणून सहा महिन्यांनी गुंडाळी बदला.

त्याच कार्डाच्या एका टोकाला दोन मीटर पक्का पॉलिएस्टर दोरा गुंडाळून ठेवता येतो. सुईचा एकच त्रास असतो, ती पाऊच भोसकून बाहेर येते. जाड प्लास्टिक स्ट्रॉचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापा, एक टोक गरम करून पक्कडीने दाबून बंद करा, सुई आत टाका आणि दुसऱ्या टोकावर टेप लावा. सेफ्टी पिना दोन पुरेत, एक मोठी आणि एक मधली. अगदी लहान पिन जाड कापडात वाकते.

जखमेच्या चिकट पट्ट्या चार ठेवा, दोन आकारांच्या, आणि सोबत एक छोटा निर्जंतुक गॉज. त्या खिशात सुट्या टाकल्या तर दोन महिन्यांत वेष्टनाच्या कडा उघडतात आणि घाम आत जातो, मग पट्टी निर्जंतुकही राहत नाही आणि चिकटतही नाही. छोट्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत सपाट ठेवा आणि वर्षाने बदला. गोळ्यांच्या बाबतीत होणारी चूक जास्त गंभीर आहे: लोक पट्टीतून दोन गोळ्या कापून घेतात आणि नाव-मुदत उरलेल्या भागावर राहते. मग काही महिन्यांनी खिशात कसली गोळी आहे हेच कळत नाही. कापायचीच असेल तर नाव आणि मुदत दोन्ही तुमच्या तुकड्यावर राहतील अशी कापा. दोन्ही एका तुकड्यावर येत नसतील तर पिशवीत चिठ्ठी टाका. तुम्हाला सोसणारी, डॉक्टरांनी आधी सांगितलेलीच गोळी ठेवा. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या असतील तर निरोगी प्रौढासाठी २४ तासांतली वरची मर्यादा ४ ग्रॅम आहे, यकृताचा त्रास असेल तर ती खाली येते, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही त्यात धरायचं. खिसा अंगाच्या उबेने सतत गरम असतो, म्हणून खिशातल्या गोळ्यांवर छापील मुदतीपर्यंत विसंबू नका, तीन-चार महिन्यांनी नव्या ठेवा.

एक कागद मात्र आजच लिहा: तीन फोन नंबर, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं. मोबाइल बंद पडल्यावर घरचा नंबर पाठ नसणारे खूप आहेत. कागद पेन्सिलीने किंवा साध्या बॉलपेनने लिहा. जेलपेनची शाई ओल लागली की पसरते. कागद घडी घालून पट्ट्यांच्याच पिशवीत ठेवा, आणि त्याच घडीत थोडे सुटे पैसे. पेन आखूड, टोपणाऐवजी खटका असलेलं आणि बॉलपेनच. टोपण हरवतं आणि शाई खिशात उतरते.

इथपर्यंत खर्च जवळजवळ नाही. पैसे दोन जागी घालायचे आहेत: टॉर्च आणि कापण्याचं साधन. माझ्या हिशोबात बजेटचा निम्मा भाग टॉर्चला, तिसरा हिस्सा कात्री किंवा छोट्या टूलला, आणि उरलेल्यात पाऊच, केबल, शिट्टी.

मोबाइलमध्ये टॉर्च आहे, तर वेगळी का? मोबाइल ही तुमची संपर्काची वस्तू आहे, आणि दिवे जातात त्याच वेळी तिची बॅटरी जपायची असते. मोबाइल ओल्या हाताने, जिन्यात, दुसऱ्या हातात सामान असताना धरायला वाईट आहे. पडला तर नुकसान मोठं. त्याचा प्रकाश जवळच पसरतो, दहा मीटरवरचा खड्डा दाखवत नाही, आणि कुलूप उघडताना किंवा टेबलाखाली काही शोधताना तो डोळ्यांवर येईल इतका जास्त असतो. तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदीत अंधार एकदाही आला नसेल तर टॉर्च नंतर घ्या. आला असेल तर तीच पहिली खरेदी.

एका एएए सेलवर चालणारी टॉर्च घ्या. लांबी सात-आठ सेंटिमीटर, पेनाइतकी बारीक, खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप असलेली. पहिला दाब कमी प्रकाशाचा असावा, हे मी सगळ्यात आधी बघतो. कुलपाची फट किंवा कागद बघायला १ ते ५ ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे प्रकाशाचं माप) पुरतात, चालायला २० ते ३०, आणि ८०-१०० ल्यूमेन क्वचित लागतात. बटण दाबताच सगळा प्रकाश येणारी टॉर्च अंधाराला सरावलेले डोळे दिपवते, मग बंद केल्यावर काही मिनिटं काहीच दिसत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका, हिशोब करून पाहा. एएए अल्कलाइन सेलमध्ये साधारण सव्वा वॅट-तास ऊर्जा असते. या आकाराच्या बऱ्या एलईडी टॉर्चला एका वॅटमागे १०० ल्यूमेनच्या आसपास मिळतात. म्हणजे १०० ल्यूमेनवर ती तासभर चालेल, आणि तोही प्रकाश हळूहळू उतरत जाईल. याच आकाराच्या एका एएए टॉर्चवर १००० ल्यूमेन लिहिलं असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि ज्याने तो छापला त्याने आतल्या स्प्रिंगवर आणि सर्किटवरही पैसे वाचवले असणार. तीन एएए प्लास्टिकच्या पिंजऱ्यात घालायच्या, पुढचं भिंग मागेपुढे सरकवायच्या स्वस्त टॉर्च टाळा. पिंजऱ्याचे संपर्क सैल होतात, सरकत्या भिंगाच्या फटीतून पाणी आणि धूळ जाते, आणि एक सेल आधी संपला की तो उलटा व्होल्टेज सोसत बसतो व गळू शकतो. पाण्यापासून बचावाचा दर्जा खोक्यावर बघा: आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे चालतील, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. पावसात चालणार असाल तर दुसरी घ्या.

स्वस्त किटमधली टॉर्च सहसा सेलमुळे मरते. अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने पडून राहिला की गळू शकतो. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूचे संपर्क खातं आणि पांढरा थर जमतो. थर कमी असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा एक थेंब घेऊन पुसा, मग पाण्याने किंचित ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळवा. जास्त असेल तर टॉर्च गेली समजा. पैसे पुरत असतील तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, त्यातही कमी स्वयं-डिस्चार्जचे. ते क्वचितच गळतात आणि वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज टिकतो. त्यांचा व्होल्टेज १.२ असतो, तरी बहुतेक टॉर्चना तो चालतो. एकदाच वापरायचे १.५ व्होल्ट लिथियम सेल महाग आहेत, पण हलके असतात, थंडीत दगा देत नाहीत आणि पडून राहायला सगळ्यात चांगले. एक सावधगिरी: १०४४० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब एएएसारखाच, पण त्याचा व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण चार्ज असताना ४.२. टॉर्च त्यासाठी बनलेली नसेल तर सर्किट जळू शकतं.

खिशात आपोआप सुरू होणं हा दुसरा दोष. मागे बटण असलेली टॉर्च चालू करा आणि मागचं झाकण पाव-अर्धा फेरा सैल करा. ती विझली तर तुम्हाला कुलूप मिळालं: प्रवासात तशीच सैल ठेवा. विझली नाही तर आट्यांवर विद्युतरोधक थर नाही. अशी टॉर्च खिशासाठी घेऊ नका. डोकं पिळून चालू करायची टॉर्च असेल तर बंद करताना आणखी अर्धा फेरा सैल करा.

आता कापण्याचं साधन. दारावर तपासणी असेल तर पातं घेऊच नका. रोजच्या कामातलं बहुतेक कापणं कात्रीने होतं: टेप, दोरा, गोळ्यांची पट्टी, टॅग. बोथट टोकाची छोटी घडीची कात्री पुरेल. किंवा सुमारे ५८ मिलिमीटरचं छोटं, स्विस पद्धतीचं घडीचं टूल घ्या, त्यात कात्री, कानस, स्क्रूड्रायव्हरचं टोक आणि चिमटा येतो. वजन २०-२५ ग्रॅम. बिनपात्याचीही मिळतात, तुमच्यासाठी तीच बरी. विमानप्रवासाच्या दिवशी पातं असलेली वस्तू केबिनमध्ये चालत नाही, ती घरीच ठेवा.

पंधरा कामांचं जड, स्वस्त मल्टीटूल मी सुचवत नाही. त्यात पोलाद मऊ असतं, सांध्यांच्या पिना सैल होतात आणि लॉक नसलेलं पातं जोर लावताना बोटावर मिटतं. घ्यायचंच असेल तर दुकानातच तीन गोष्टी तपासा. प्रत्येक अवयव उघडून आडवा हलवा, खडखडला तर सोडा. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, टोकाशी प्रकाशाची फट दिसली तर बारीक तार धरता येणार नाही. आणि कात्रीने पातळ प्लास्टिक पिशवी अगदी टोकापर्यंत कापून पाहा. टोकाशी पिशवी दुमडून आत गेली तर पाती जुळलेली नाहीत.

चार्जिंगचं थोडक्यात. खिशात फक्त १०-१५ सेंटिमीटरची केबल ठेवा. पॉवर बँक बॅगेत. ५००० मिलिअँपिअर-तासांची बँक म्हणजे ३.७ व्होल्टवर १८.५ वॅट-तास. ५ व्होल्टवर नेताना आणि उष्णतेत जाणारं वजा केलं की मोबाइलला साधारण ३१००-३३०० मिळतात. म्हणजे आजच्या बहुतेक मोबाइलचा एक पूर्ण चार्जही नाही, पण घरी पोचायला भरपूर. ती एकटीच १०० ग्रॅमच्या पुढे जाते, बाकीच्या वस्तूंसोबत खिशाच्या मर्यादेत बसत नाही.

तयार किटबद्दल तुम्ही थेट विचारलंत म्हणून थेट उत्तर: घेऊ नका. अशा डब्यात गळ, तारेची करवत, बटणाएवढं होकायंत्र असतं. ही जंगलात हरवल्यावरची कल्पना आहे आणि वस्तूही त्या कामाला टिकणाऱ्या नसतात. तुम्ही बस-ट्रेनमध्ये असता. पत्र्याचा डबा खिशात वाजतो आणि कोपऱ्यांनी कापड घासतो. त्याऐवजी साधारण १० बाय ७ सेंटिमीटरचं सपाट झिपचं कापडी पाऊच घ्या. भरताना कार्ड पाठीशी, त्यावर पट्ट्यांची पिशवी, मग कात्री आणि केबल. टॉर्च आणि पेन पाऊचमध्ये नकोत, ती खिशाच्या काठाला, कारण ती सेकंदात लागतात. सुट्या वस्तू बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे सेंटिमीटरभर रुंद वेढे कापून वापरा. साधे रबर बँड उष्णतेने चिकट होऊन तुटतात, ट्यूबचं ब्युटिल रबर वर्षानुवर्षं टिकतं.

पूर्ण भरलेलं पाऊच आठवडाभर वापरा. बसताना बोचतंय का, जिना चढताना वाजतंय का, कुठली वस्तू काढायला दोन्ही हात लागतात का, एवढंच पाहा. बॅग नसलेल्या दिवशी जे घरी ठेवावंसं वाटलं ते बॅगेतल्या दुसऱ्या पाऊचमध्ये हलवा. वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना सगळं टेबलावर ओता: सेल, गोळ्या, पट्ट्यांचा चिकटपणा, टेप, कागदावरचे नंबर.

राहता राहिले लायटर आणि शिट्टी. तुमच्या दिवसात आग पेटवायची वेळ येत नाही, तपासणीत लायटर अडवला जाऊ शकतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत राहिला तर फुटण्याचा धोका आहे, म्हणून लायटर नको. शिट्टी घ्या. काही ग्रॅम वजन, आणि घसा बसल्यावरही तिचा आवाज ओरडण्यापेक्षा लांब जातो. आत गोळी नसलेली प्लास्टिकची घ्या. गोळीच्या शिट्टीत पाणी किंवा धूळ गेली की गोळी अडकते. मदतीसाठी सलग तीन जोरदार फुंकी, थांबा, पुन्हा तीन, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी ओळखली जाते. डोंगरात मिनिटाला सहा फुंकी आणि मग मिनिटभर शांतता अशी जुनी पद्धत आहे, तिला उत्तर मिनिटाला तीन फुंकींचं. शिट्टी पाऊचच्या आत ठेवू नका, झिपच्या ओढणीला आखूड दोऱ्याने बाहेर बांधा आणि एकाच हाताने ती तोंडापर्यंत येते का ते करून पाहा.